परसामागची बोडी

आमच्या सातबाऱ्यावर परसामागच्या बोडीची नोंद 'पोटखराब' अशी आहे. पोटखराब म्हणजे पीक न येणारी, आकारणीला न धरलेली जमीन. पाऊण एकराचा तो तुकडा. नोकरीत असताना मीही त्याच नजरेनं त्याच्याकडे पाहत होतो. खोटं कशाला सांगू?

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला बोडी म्हणजे काय हे सांगायला हवं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. तलाव गावाचा असतो आणि बोडी घरची. शेताच्या वरच्या अंगाला उतार पाहून तीन बाजूंनी मातीची पाळ घालायची, चौथी बाजू मोकळी ठेवायची. पावसाचं वाहतं पाणी तिकडून आत येतं आणि पाळीला अडतं. जास्तीचं पाणी सलंगावरून निघून जातं. हस्ताचा पाऊस दगा देतो आणि धान ऐन निसवायला येतो, तेव्हा पाळ फोडून एक पाणी दिलं की वर्ष निभावतं. एका पाण्याचा खेळ, पण त्या एका पाण्यावर आमच्या पिढ्या जगल्या.

आम्ही कोहळी. तळी बांधणारे लोक म्हणूनच आमची ओळख. आमचे पूर्वज काशीकडून आले, गोंड राजांनी त्यांना बोलावलं, जो तळं बांधेल त्याला त्याखालची जमीन मिळेल असा राजाचा शब्द होता, असं घरोघरी सांगतात. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला ही कथा तर आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. सात बहिणींच्या डोंगरांमध्ये अडवलेलं ते पाणी मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. बाबांनी बैलगाडी थांबवली, पाळीवर उभं केलं आणि म्हणाले, "हे आपल्या लोकांनी केलं, बरं का." ती ऐट माझ्या अंगात पुढं पन्नास वर्षं राहिली. या गोष्टीत तिचा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पूर्व विदर्भात असे जुने तलाव साडेसहा हजारांहून जास्त आहेत. इंग्रजांनी १८६०च्या दशकात मध्य प्रांतात जमाबंदी केली आणि गावच्या पाटलांना, मुखत्यारांना मालगुजार म्हणून मालकी हक्क दिले. तलावही त्यांच्याकडे गेले. पाणी कुणाला, कधी, किती, हे गावच्या वाजिब-उल-अर्जात लिहिलेलं असे. पुढे १९५०चा कायदा आला, ३१ मार्च १९५१ला मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरं घेऊन लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. मालगुजारीचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पाळीवर पडलेली माती कितीतरी वेळा वेठीची होती. पण नंतर झालं असं, की पाळ खचली तर आता ती सरकारची. १९५६ला आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात. १९६२ला जिल्हा परिषदा झाल्या. दर वेळी तलावाचा मालक बदलला. गाळ मात्र साचतच राहिला.

घरच्या बोड्या या उलाढालीतून वाचल्या. आमचीही वाचली. तिचं पाणी आमचं, पाळ आमची. आतलं मात्र आमचं नव्हतं, आणि हे कुणी कधी कागदावर लिहिलं नव्हतं.

आतलं होतं ढिवरकाकांचं. गावाच्या खालच्या अंगाला ढिवरांची दहा-बारा घरं. त्यातले एक काका आणि त्यांची बायको, आमची काकी, बाबांच्या आधीपासून आमच्या बोडीत मासोळी धरत, शिंगाडा लावत. अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. काका पहाटे जाळं टाकायचे आणि काकी टोपलं घेऊन परसात यायची. तिच्या टोपल्यात मासोळीखाली हिरवी ओली पानं अंथरलेली असत. ती कसली पानं, हे मी कधी विचारलं नाही. शाळेत आम्हाला कमळ हे राष्ट्रीय फूल म्हणून शिकवलं. त्याच्या पानाखाली काय चालतं, हा धडा पुस्तकात नव्हता, आणि ज्यांना तो येत होता ती माणसं शाळेच्या व्हरांड्यापर्यंतही आली नव्हती.

रसेल आणि हिरालाल यांचं मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचं चार खंडांचं पुस्तक १९१६ साली निघालं. त्यात कोहळ्यांवर प्रकरण आहे, ढीमरांवरही आहे. कोहळी म्हटलं की तळी आणि ऊस, ढीमर म्हटलं की मासे, पालखी आणि शिंगाडा. नोकरीत असताना नागपूरच्या एका ग्रंथालयात ते मला सापडलं आणि मी आपल्या लोकांची पानं तेवढी उतरवून घेतली. ढीमरांची पानं चाळून पुढं गेलो.

माझ्या तरुणपणी तळ्यात नवे मासे आले. १० जुलै १९५७ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची अंडी मिळवली. ही मोठीच गोष्ट होती. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. साचल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. आता त्यांचं बीज डब्यात भरून कुठंही नेता येऊ लागलं. १९५९ला बाहेरदेशातून गवत्या आणि चंदेरा आले. मासळीचं उत्पन्न वाढलं, गरिबाच्या ताटात मासा आला, हे खरं आहे. पण त्याचबरोबर दर पावसाळ्यात बीज विकत आणायची वेळ आली. आणि ज्या मासोळ्या फुकट, आपल्या आपण पैदा होत होत्या, त्यांना लोक 'कचरा मासे' म्हणू लागले.

निवृत्त होऊन मी गावी आलो तेव्हा बाबा नव्हते. बोडी गाळानं भरलेली, अर्धी गवतानं झाकलेली. काठाला बेशरम माजलेली. डोक्यात नवेगावची पाळ होती. म्हटलं, कोहळ्याचा पोर मी, बोडी कशी असते ते दाखवतो. जेसीबी लावला. चार दिवसांत गाळ काढला, बारा फूट खोल केली, काठ भिंतीसारखे उभे केले. गवत, कमळ, लव्हाळा सगळं मुळासकट पाळीपलीकडे. एका व्यापाऱ्याशी मासळीचा करार केला. त्यानं रोहू-कटल्याबरोबर गवत्या सोडला. उरलंसुरलं गवत तो संपवेल म्हणाला. करारात एक कलम होतं, की दुसरं कुणी जाळं टाकणार नाही.

काका तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. निरोप द्यायला मी गड्याला पाठवलं. स्वतः गेलो नाही. काका काही बोलले नाहीत. जाळं छपरीत टांगलं आणि पुन्हा आमच्या परसात आले नाहीत. दीड वर्षानं वारले. मी मातीला गेलो होतो. काकीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

पहिल्या वर्षी पैसे चांगले आले. दुसऱ्या वर्षी पाण्याचा रंग फिरला. मटारच्या पाण्यासारखं गडद हिरवं. व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकत होतो, त्यानं आणखी हिरवं. भादव्यात चार दिवस आभाळ भरून राहिलं, वारा नाही, उकाडा. पाचव्या दिवशी पहाटे पाहतो तर सगळे मासे तोंड वर काढून आवंढे गिळताहेत. ऊन चढेपर्यंत पांढरी पोटं तरंगायला लागली. कारण मला नंतर कळलं. पाण्याखालचं गवत गेलं की खताचं सगळं सत्त्व त्या बारीक हिरव्या शेवाळाला मिळतं. ते दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच ओढून घेतं. आभाळ असलं की दिवसाची भर पडत नाही आणि पहाटेला पाण्यात श्वास उरत नाही. त्याच महिन्यात शेजाऱ्याचं वासरू पाणी प्यायला उतरलं, उभ्या काठावरून घसरलं आणि बुडालं. व्यापारी फिरकला नाही.

मेलेले मासे पुरायला माणसं मिळेनात. तिसऱ्या दिवशी काकी आली. तोंडाला पदर लावून पाळीवर बसली. बराच वेळ पाण्याकडे पाहून म्हणाली, "बाबू, खड्डा भरलास तू. बोडी नाई भरलास."

मी गप्प. मग तीच म्हणाली, "मासोरी पान्यात नाई रायत. गवतात रायते."

माफी कशी मागतात ते साठाव्या वर्षी शिकावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. काकांचं जाळं अजून छपरीतच होतं. मी बोललो ते इथं लिहीत नाही. काकी एवढंच म्हणाली, "त्याईले सांगाचं होतंस. मले सांगून का फायदा?" आणि मग जरा वेळानं, "उन्हारा येऊ दे. मंग पाहू."

त्या उन्हाळ्यापासून माझी खरी शाळा सुरू झाली. अर्जुनी मोरगावच्या बाजूला मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबरची ढिवर मंडळी जुन्या तलावांत हेच काम करत होती. बेशरम उपटायची, कोरड्या पडलेल्या तळाला नांगर फिरवायचा, पहिल्या पावसानंतर देशी पाणवनस्पती लावायच्या. काकीचे नातेवाईक तिकडचे, तिनं ते पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "ते पुस्तकवाले आमालेच विचारतेत, कोनतं गवत कुठं लावाचं." त्यात अभिमान होता, आणि मला टोला पण.

आधी काठ मोडले. जेसीबीनं चार दिवसांत उभे केलेले काठ कुदळीनं उतरते करायला वीस दिवस लागले. मोकळ्या बाजूनं तर इतका सावकाश उतार केला, की म्हातारं माणूस चालत पाण्यात जावं. बोडीची खुबी त्या उतारात आहे हे मला तेव्हा कळलं. उतारावर प्रत्येक हातावर पाण्याची खोली वेगळी, आणि प्रत्येक खोलीला तिचं-तिचं झाड. उभ्या भिंतीच्या बोडीत एकच खोली. म्हणून तिथं काहीच नाही.

मृगाच्या पावसानंतर काकी चार बायकांना घेऊन गावतलावात उतरली आणि टोपल्या भरून रोपं आणली. एकेक मूळ चिखलाच्या गोळ्यात दाबून ती पाण्यात सोडायची, म्हणजे तरंगत नाही. मी वही घेऊन पाळीवर. नावं तिची वेगळी, पुस्तकातली वेगळी, म्हणून मी जागेप्रमाणं लिहीत गेलो.

काठाच्या ओलीत लव्हाळा, नाळीची भाजी आणि देवधान. देवधान म्हणजे रानचा धान. पिकला की दाणा झडून पाण्यात पडतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून आमच्या घरी तो जपून ठेवत. आई तो काकीकडून घ्यायची. आमच्याच बोडीतला होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या आत, गुडघाभर पाण्यात, कमळ, कुमुद आणि एक छोटं पांढरं फूल, पाकळ्यांवर झालरीसारखी लव असलेलं. शिंगाड्यासाठी एक कोपरा. त्याच्या पानांचे देठ मध्येच फुगलेले, हवा भरलेले, त्यावर तो तरंगतो.

आणि सगळ्यात आत, पाण्याखाली, दोन गवतं. एकाची पानं देठाभोवती चक्रासारखी, पुस्तकात हायड्रिला. दुसऱ्याची पानं लांब फितीसारखी. ती हातात घेतली आणि मी ओळखली. काकीच्या टोपल्यात मासोळीखाली असायची तीच.

या फितीच्या गवताचं लग्न मी पुढच्या वर्षी पाहिलं. मादी फूल लांब दोरीसारख्या देठावर पाण्याच्या वर येतं. नर फुलं कणीएवढी, ती बुडाशी तुटतात आणि तरंगत वर येतात. वाऱ्यानं ढकलत-ढकलत मादी फुलाला जाऊन लागतात. काम झालं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. काकीला म्हटलं, हे केवढं नवल आहे! ती म्हणाली, "नवल का? पोरगी माहेरी आनली बारंतपनाले."

पहिल्या पावसाळ्यात पाणी गढूळ होतं. दसऱ्यापर्यंत निवळलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा बोडीचा तळ दिसला. मोठ्या गोगलगायी आल्या. पाण्यावर न बुडता पळणारे लांब पायांचे किडे आले. शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेणारा पाणविंचू सापडला. एक चपटा तपकिरी किडा दिसला, त्याच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखी अंडी चिकटवलेली. मला वाटलं, रोग आहे. काकी हसली. मादी नराच्या पाठीवर अंडी घालते आणि पिलं निघेपर्यंत तो ती वाहतो. "लेकुरवारा बाप हाये तो, बाबू."

चतुरांचं तर मला फार उशिरा उमगलं. चतुर आणि टाचण्या हवेतले किडे, असं मी समजत होतो. त्यांची पिलं पाण्यात वाढतात, डासांच्या अळ्या खातात, आणि मोठी झाली की एखाद्या देठावर चढून, पाठ उकलून बाहेर येतात. लव्हाळ्याच्या काडीला चिकटलेली रिकामी कवचं काकीनं दाखवली. माझ्या उभ्या भिंतींच्या बोडीत चढायला काडीच नव्हती.

दुसऱ्या वर्षी चढणीच्या मासोळ्या आल्या. मृगाच्या दणक्यात सलंगावरून पाणी पडत होतं आणि खालच्या बांधीतून बोटाएवढे मासे उलट्या धारेनं वर उसळत होते. आम्ही एकही बीज विकत आणलं नव्हतं. श्रावणात गवताच्या कडेला तांबूस पिलांचा पुंजका दिसला, पाणी उकळावं तसा हलत होता. मी जवळ गेलो तर पाण्यातून काहीतरी धाडकन आलं आणि परतलं. मरळ. मरळीचं जोडपं पिलांची राखण करतं. मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून भादव्यातल्या त्या पहाटेसारखी पहाट आली तरी ती तगते. कचरा मासे म्हणत होतो आम्ही त्यांना.

मग बेडूक, मग बेडकांमागे दिवड. गड्यानं काठी उचलली, काकीनं त्याला शिव्या घातल्या. बिनविषारी आहे बिचारा. ढोकरी काठाला उभी राहू लागली. टिबुकल्या आल्या. तिसऱ्या वर्षी कमळपक्षी आला. लांब-लांब बोटं पसरून तो कुमुदाच्या पानांवरून चालतो, घरटंही तरंगत्या पानांवरच. त्यांच्यात अंडी उबवायचं काम नराचं. मारुती चितमपल्ली नवेगावला वनअधिकारी होते, त्यांची पुस्तकं मी नोकरीत असताना वाचली होती, पण पक्षी पाहायला नवेगावला जावं लागतं असं समजत होतो. सारस मात्र आमच्या बोडीवर अजून उतरले नाहीत. महाराष्ट्रात ते आता उरलेत प्रामुख्यानं आमच्याच गोंदिया जिल्ह्यात. एकदा पहाटे दुरून आवाज ऐकला, एवढंच.

पैशाचं म्हणाल तर व्यापाऱ्याच्या पहिल्या वर्षाइतके पैसे पुन्हा कधी आले नाहीत. पण खर्चही नाही, आणि दर वर्षी काहीतरी येतंच. हस्तानं दगा दिला त्या वर्षी धानालाही पाणी दिलं. पाळ फोडताना काकीनं अट घातली होती, की गुडघाभर पाणी ठेवायचं. ठेवलं.

काकीला जाऊन चार वर्षं झाली. शेवटच्या पावसाळ्यात तिला चालवत नव्हतं, तर नातू तिला पाठुंगळी घेऊन पाळीवर आणायचा. ती बसून सांगायची आणि मी लिहायचो. माझ्या वहीत एकूण सत्तावीस झाडं आणि चाळीसच्या वर जीव झाले. काही नावांपुढं अजून नुसतं चित्र आहे. "बाकीचं त्याईले मालूम होतं," असं ती काकांबद्दल म्हणायची. ते 'बाकीचं' किती होतं, याचा हिशोब आता लागायचा नाही. त्यांना मी गड्याकरवी निरोप पाठवला होता.

नातू आता अर्ध्या हिश्शावर बोडी करतो. या वेळी ते कागदावर लिहिलं आहे, माझ्या मुलाची आणि त्याची सही आहे. पोळ्यापर्यंत जाळं टाकायचं नाही, हे कलम त्यानं स्वतः घातलं. जाळं काकांचंच, दोन-तीन ठिकाणी नव्या सुतानं विणलेलं.

मागच्या महिन्यात तलाठी कार्यालयातून नवा सातबारा आणला. बोडी अजून पोटखराबातच आहे. नातवाला दाखवला. तो म्हणाला, "राहू द्या जी आजा, कर तरी लागत नाई." आणि टोपलं घेऊन पाण्यात उतरला.